पळू लागल्यावर – लेखांक ७ : दम आधी, हाड मागाहून

भरतीची जाहिरात निघाली की पंधरा दिवसांत गावाबाहेरचा रस्ता पहाटे पाचला जागा होतो. महिनाभराने त्यातलीच चार-पाच पोरं-पोरी मैदानाच्या कडेला बसून नडगी चोळताना दिसतात. विचारलं की म्हणतात, "सर, दम तर आता लागतच नाही. मग पाय का दुखतोय?"

प्रश्न अचूक आहे. दम लागेनासा होणं आणि पाय दुखू लागणं यांचा एकमेकांशी संबंध आहे.

पळायला लागल्यावर शरीराचे सगळे भाग एकाच चालीने तयार होत नाहीत. सर्वांत आधी रक्त बदलतं. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला पातळ भाग वाढतो आणि हृदय दर ठोक्याला जास्त रक्त पुढे ढकलतं. पाठोपाठ स्नायू सुधारतात. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पळणं अचानक सोपं वाटू लागतं. हाडाचं काम मात्र गवंड्यासारखं चालतं. जुनी भिंत मजबूत करायची तर ठिसूळ झालेला भाग आधी फोडून काढावा लागतो. हाडातल्या पेशीही ताण पडलेली जागा आधी पोखरतात. त्याला साधारण तीन आठवडे लागतात. मग तिथे नवं हाड भरलं जातं, आणि ते भरायला तीनेक महिने जातात. मधल्या काळात ती जागा पूर्वीपेक्षा कच्ची असते. नेमका त्याच वेळी दम वाढलेला असतो, टायमिंग उतरत असतं, आणि पोरं रोजचे राउंड दुप्पट करतात.

दुखणं ओळखायला शिका. नडगीच्या आतल्या कडेने लांबवर ठणकत असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर ती ताणाची पहिली सूचना आहे. पळणं निम्म्यावर आणा, वेगाचा सराव बंद ठेवा. पण एकाच जागी बोट टेकवून दाखवता येईल असं दुखत असेल, साधं चालतानाही किंवा रात्री झोपेतही ठणका लागत असेल, तर त्या दिवसापासून पळणं थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. हाडाला गेलेली बारीक चीर सुरुवातीच्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही. त्यामुळे 'रिपोर्ट नॉर्मल आहे' एवढ्यावर मैदानात परतू नका. गोळी घेऊन पळणाऱ्यांना तर मी हात जोडून सांगतो, गोळीने चीर भरत नाही, फक्त ती जाणवेनाशी होते.

मग वेग वाढवायचा कसा? न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी हे स्वतःच्या अंगावर वर्षानुवर्षं प्रयोग करून शोधलं. त्यांचा शिष्य पीटर स्नेल १९६० साली रोमच्या ऑलिम्पिकमध्ये ८०० मीटरमध्ये सुवर्णपदक जिंकला. पावणेदोन मिनिटांच्या आसपास संपणारी ती शर्यत, पण तिच्यासाठी स्नेल ऑकलंडजवळच्या डोंगररस्त्यांवर एका दमात ३५ किलोमीटर पळायचा. आधी कित्येक आठवडे लांब पळणं, मग चढ, आणि ट्रॅकवरचा वेग सगळ्यात शेवटी, असा क्रम होता. नवख्याने त्याचे किलोमीटर घेऊ नयेत, क्रम मात्र जरूर घ्यावा.

पोलीस भरतीतलं मुलांचं सोळाशे म्हणजे ४०० मीटरचे चार राउंड, आणि २० गुण. पूर्ण गुणांसाठी ५ मिनिटं १० सेकंद, म्हणजे दर राउंडला साडेसत्त्याहत्तर सेकंद. आज तुम्हाला ७ मिनिटं १२ सेकंद लागत असतील तर तुमचा राउंड १०८ सेकंदांचा आहे. पहिल्याच आठवड्यात ७७ सेकंदांच्या मागे लागणारा मुलगा दुसऱ्या राउंडला फुटतो, आणि रोज तसाच फुटत राहतो.

पहिले सहा ते आठ आठवडे सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल अशाच चालीने पळा. आठवड्यातून चार दिवस पुरेत. या काळात अंतर वाढवा, वेग नको. दोन्ही एकाच आठवड्यात वाढवू नका. मग हलक्या पळण्याच्या शेवटी ८० मीटरच्या चार धावा, मोकळ्या अंगाने, जोर न लावता, आणि परत चालत या. हे आठवड्यातून दोनदा. नडगीला कुरकुर नसेल तर त्यानंतर २०० मीटरचे सहा तुकडे घ्या. १०८ सेकंदांचा राउंड असलेल्याने प्रत्येक तुकडा ५० सेकंदांत पळावा आणि मध्ये २०० मीटर चालावं. सहावा तुकडाही पहिल्याइतक्याच वेळात आला तरच पुढच्या खेपेला दोन सेकंद कमी करावेत. वेग वाढवताना पाऊल लांब टाकायचा मोह होतो. तो टाळा. टाच शरीराच्या फार पुढे पडली की धक्का थेट नडगी-गुडघ्याला बसतो. पावलं आखूड आणि भरभर ठेवा. डांबरी रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे रोज एकाच बाजूने पळू नका. मातीचं मैदान मिळालं तर उत्तम, पण तिथेही अधूनमधून राउंडची दिशा बदला.

मुलींसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण ती मैदानावर कुणी उघडपणे बोलत नाही. सराव वाढला, वजन कमी करायचं म्हणून जेवण तोडलं आणि पाळी लांबली किंवा थांबली, तर 'बरंच झालं, कटकट गेली' असं समजू नका. शरीराला अन्न पुरत नसल्याची ती खूण असू शकते, आणि अशा वेळी हाडं झपाट्याने कच्ची होतात. डॉक्टरांना दाखवा, आणि ताट भरा. नाचणीची भाकरी, डाळ, दूध, शेंगदाणे आणि चालत असतील तर अंडी, यातलं बहुतेक घरातच असतं. आईला सोबत घेऊन जा, म्हणजे घरी वेगळं समजावत बसावं लागणार नाही.

पुढच्या आठवड्यात शंभर मीटरच्या सुरुवातीकडे वळू.