ब्लॉकच्या हिशेबातले मुखपृष्ठ

मराठी मुखपृष्ठांचा विषय निघाला की आपण चित्रकारांची नावे घेऊ लागतो. दलाल, मुळगावकर, सरवटे, फडणीस. ती घ्यायलाच हवीत. पण त्याआधी ब्लॉकमेकरचे बिल पाहायला हवे. ऑफसेट येईपर्यंत मराठी पुस्तकाचा चेहरा कसा असावा, हे निम्म्याहून अधिक त्या बिलावर ठरत होते.

छपाई खिळ्यांची, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांची. चित्र छापायचे तर त्याचा धातूचा ब्लॉक करून घ्यावा लागे. जितके रंग तितके ब्लॉक, आणि तितक्या वेळा तोच कागद पुन्हा मशीनवर चढवायचा. छायाप्रकाशाचे चित्र असले तर हाफटोन ब्लॉक लागे. तो बारीक ठिपक्यांचा, त्याला गुळगुळीत आर्ट पेपरच हवा; साध्या कागदावर ठिपके शाईने बुजून जात. नुसत्या रेषांचा लाइन ब्लॉक त्या मानाने स्वस्त आणि खरखरीत कागदावरही स्वच्छ उठणारा. हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती काढणारा प्रकाशक हा खर्च प्रतीमागे किती पडतो ते बघे आणि चित्रकाराला सांगे, दोन रंगांत बसवा.

दोन रंगांत बसवायचे म्हणजे डोके चालवायचे. पिवळ्यावर निळा चढला की हिरवा मिळतो आणि कागदाचा पांढरा फुकटच असतो. दोन ब्लॉकांच्या पैशांत चार रंग. त्या काळातले एखादे जॅकेट भिंगाखाली धरून पाहा. काळ्या रेषेच्या कडेने लाल रंग केसभर बाहेर डोकावताना दिसतो, कारण छापताना रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, सरकलेले असते. ते सरकणारच, हे मुरलेल्या चित्रकाराला ठाऊक असे. म्हणून तो बाह्यरेषा मुद्दाम जाड ठेवी, खालच्या रंगाने थोडी चूकभूल केली तरी ती रेषेच्या पोटात जावी. ठसठशीत रेषा म्हणून आपण जिला वाखाणतो, तिच्यात शैली किती आणि मशीनमनचा भरवसा किती, हे वेगळे काढून दाखवणे कठीण आहे.

अक्षरांची गोष्ट याहून मजेची. जोडाक्षरे, काना-मात्रा, रफार-उकार धरता देवनागरीच्या एका मापाचा संच पुरा करायला शेकडो खिळे लागतात. त्यामुळे छापखान्यांकडे मोठ्या मापाचे टाइप मोजकेच असत. त्यांत जुळवलेले पुस्तकाचे नाव लग्नपत्रिकेसारखे दिसे. उलट ब्लॉक चित्रासाठी करायचाच आहे, तर नावही त्यातच हाताने काढून दिले की वेगळा खर्च नाही. मराठी मुखपृष्ठावर अक्षर हेच चित्र होऊन बसले त्यामागे सौंदर्यदृष्टी होती, तशी ही काटकसरही होती.

नाव दोन ओळींचे असले की खरी कसोटी. वरच्या ओळीतला उकार खाली उतरतो, खालच्या ओळीतली वेलांटी वर चढते आणि दोघांची टक्कर होते. खिळ्यांत यावर उपाय एकच: ओळींत अंतर वाढवा आणि नावाचा एकजीवपणा घालवा. हाताने काढणारा मात्र उकार आखडता घेतो, वेलांटी शेजारच्या मोकळ्या अक्षरावरून ओढून नेतो, दोन शब्दांची शिरोरेखा एकच करतो. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी हीच करामत वृत्तपत्रांतल्या नाटकांच्या जाहिरातींत नेली. तिथे रंग नाही, जागा चिमूटभर. तरी नुसत्या नावाच्या वळणावरून नाटकाची जात कळे.

दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर दोघेही गोव्याचे. दलालांचा जन्म १९१६ चा, मडगावचा. मुळगावकर दोन वर्षांनी धाकटे, अस्नोड्याचे. दलालांनी १९४५ मध्ये 'दीपावली' हा स्वतःचा वार्षिक अंक सुरू केला. चित्रकार स्वतःच मालक झाला की ब्लॉकच्या बिलाकडे पाहण्याची नजर बदलते, शिवाय दिवाळी अंकाला जाहिरातींचा आधार. म्हणून दलाल दोन प्रकारचे दिसतात: अंकात रंग उधळणारे आणि पुस्तकाच्या जॅकेटवर हात राखून काम करणारे. मला विचाराल तर दुसरे दलाल थोर. कमी रंगांत त्यांनी जी मोकळी जागा सोडली, तितकी धिटाई भरजरी चित्रांत नाही.

मुळगावकरांचे तंत्र स्प्रेचे. रेषेपेक्षा छटेवर भर, म्हणजे हाफटोन आलाच. कॅलेंडरे आणि वार्षिकांत ते रमले यात नवल नाही. पण बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठेही त्यांचीच. खप दांडगा असला की ब्लॉकचा खर्च प्रतीमागे पैशांवर येतो, हा हिशेब तिथे जुळत असावा. समीक्षकांनी या चित्रांकडे नाक मुरडले. पण घरोघरच्या डोळ्यांवर रंगांचा पहिला संस्कार झाला तो अशाच चित्रांचा.

वसंत सरवटे व्यवसायाने स्थापत्य अभियंता आणि हाताने निव्वळ रेषेचे. जयवंत दळवी ज्या 'ठणठणपाळ' या नावाने लिहीत, त्याला 'ललित' मासिकात त्यांनी जे रूप दिले, ते लाइन ब्लॉकसाठीच जन्मल्यासारखे होते. शि. द. फडणीसांनी अनंत अंतरकरांच्या अंकांवर शब्दांवाचून विनोद केला. हे दोघे स्वतंत्र लेखाचे विषय आहेत.

वेगळ्या वाटेने आले ते कवी अरुण कोलटकर. जे. जे.त शिकलेले, पोटापाण्यासाठी जाहिरातीत. १९७६ मध्ये 'क्लिअरिंग हाऊस' या कवींच्याच प्रकाशनाने काढलेल्या इंग्रजी कवितासंग्रहांची मुखपृष्ठे त्यांनी केली; 'जेजुरी' त्यातलेच. पुढच्याच वर्षी अशोक शहाणे यांच्या 'प्रास' प्रकाशनाने 'अरुण कोलटकरच्या कविता' काढले. इथे मुखपृष्ठ हा मजकुरावर घातलेला सदरा राहिला नाही, कवीच्या डोळ्याला पुस्तक ही वस्तूच दिसत होती.

मग ऑफसेट आले, त्यामागून डीटीपी. चार रंग दोनच्या भावात मिळू लागले आणि मोठ्या मापाचे अक्षर फुकट झाले. सुभाष अवचट, चंद्रमोहन कुलकर्णी यांच्यासारख्यांनी या सोयीचे सोने केले. बाकी बऱ्याच ठिकाणी सूर्यास्ताचा फोटो आणि त्यावर सावली पाडलेला तयार फाँट, एवढ्यावर काम भागते. उकार आणि वेलांटीची टक्कर आजही होते. संगणक ओळींतले अंतर वाढवून मोकळा होतो.

या साऱ्याचा इतिहास लिहायला बसले की साधनेच हाती लागत नाहीत. जस्ताचे ब्लॉक भंगारात वजनावर गेले. वाचनालयांनी पुस्तक टिकावे म्हणून जॅकेट काढून टाकले आणि रेक्झिनची बांधणी केली, त्यामुळे मजकूर राहिला, चेहरा गेला. सूचीच्या कार्डावर लेखक, प्रकाशक, पृष्ठे, किंमत असते. मुखपृष्ठकाराला रकाना नसतो. दलालांची सगळी मुखपृष्ठे शोधायची तर रद्दीवाल्याकडे किंवा एखाद्या हौशी संग्राहकाच्या कपाटापुढे बसून एकेक पुस्तक उघडायचे आणि शीर्षकपानामागची बारीक टाइपातली 'मुखपृष्ठ' ही ओळ वाचायची. बऱ्याच पुस्तकांत तीही छापलेली नसते. मग चित्राच्या कोपऱ्यातली सही शोधायची, कडा कापताना बाइंडरने ती ठेवली असेल तर.