पहिल्यांदाच एकट्याने वारीला निघताय? तब्येतीची तयारी अशी करा

मागच्या ज्येष्ठ महिन्यात एक मावशी मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. वय सत्तावन्न, दहा वर्षांपासून मधुमेह, सोबत बीपीची गोळी. म्हणाल्या, "डॉक्टर, मालक दरवर्षी वारीला जायचे आन् मी घर सांभाळायचे. ते गेले त्याला दोन वर्षं झाली. औंदा मी जाते." मुलगा लगेच म्हणाला, "डॉक्टर, तुम्हीच सांगा आईला. सोबत कुणी नाही, ओळखीचं कुणी नाही. तिकडं काही झालं तर?"

मुलाची काळजी खरी होती आणि मावशींची इच्छाही. मी 'जाऊ नका' म्हटलं नाही. 'कशाही जा' असंही म्हटलं नाही. त्या दिवशी आम्ही जे बोललो, ते पहिल्यांदाच एकट्याने निघणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे, म्हणून इथे लिहितो आहे.

वारीत शरीरावर काय ताण येतो?

आळंदी किंवा देहूहून पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर आहे. पालखीसोबत हे अंतर अठरा ते वीस दिवसांत चालायचं असतं. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी आपल्या जिल्ह्यातून, औंढा नागनाथ आणि जवळा बाजारमार्गे परभणीकडे जाते. तिचा प्रवास त्याहून मोठा, महिनाभराचा. नर्सीहून नामदेव महाराजांची पालखीही निघते.

रोजचं चालणं पंधरा-वीस किलोमीटरचं. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा पुणे ते सासवड हा टप्पा सुमारे तीस किलोमीटरचा, आणि त्यात दिवेघाटाचा चढ. दिवसभर टाळ-मृदंगाच्या गजरात अभंग, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, मग राहुटीत झोप आणि पहाटे पुन्हा उठणं. कधी डोक्यावर कडक ऊन, कधी अंगावर पाऊस. झोप कमी, जेवणाच्या वेळा बदललेल्या. हे सगळं माणूस आनंदात करतो, म्हणूनच थकवा उशिरा लक्षात येतो.

एकटं जाण्यात नेमका धोका काय?

लोकांना वाटतं, एकटं असताना मदत मिळत नाही. वारीत तसं नसतं. मदत करणारे हात पावलोपावली असतात. सरकारी आरोग्य पथकं असतात, रुग्णवाहिका असतात, पाणी आणि फराळ वाटणारी मंडळं असतात.

खरी अडचण वेगळी आहे. काही त्रास असे असतात की त्यात माणसाचं स्वतःचं भानच आधी जातं. साखर खूप खाली गेली की माणूस गोंधळतो, चिडतो, असंबद्ध बोलतो. उष्माघातातही तेच होतं. आपल्याला काहीतरी होतंय, हे त्यालाच कळत नाही. घरचं माणूस सोबत असेल तर ते चेहरा पाहूनच ओळखतं. वारीत मात्र सगळे एकमेकांना 'माऊली' म्हणतात. प्रेम भरपूर असतं, पण तुमचं नाव, तुमचा आजार आणि तुमचं नेहमीचं वागणं कुणालाच माहीत नसतं.

माझ्या एका पेशंटच्या बाबतीत हे घडलं आहे. साठी ओलांडलेले गृहस्थ, मधुमेहाची गोळी घेऊन, नाश्ता न करता चालत होते. दुपारी भजनात डोलायला लागले, पाय लटपटू लागले. आजूबाजूच्यांना वाटलं, माऊली तल्लीन झाली. काहींनी तर त्यांना नमस्कार केला. एका बाईंना त्यांचा घामाने भिजलेला सदरा दिसला. त्यांच्या स्वतःच्या घरात मधुमेह होता. त्यांनी साखर खायला घातली आणि दहा-पंधरा मिनिटांत गृहस्थ नीट बोलू लागले. ते वाचले, पण तिथं नशिबाचा भाग मोठा होता.

म्हणून एकट्याने जाताना पहिली तयारी ही: घरच्यांना तुमच्याबद्दल जे माहीत आहे, ते सोबतच्या दोन माणसांना तरी माहीत झालं पाहिजे.

निघण्याआधी महिनाभर

डॉक्टरांना भेटा. मधुमेह, बीपी, हृदयविकार, दमा, किडनीचा आजार, फिट येणं यांपैकी काही असेल तर तपासणी करूनच निघा. जिना चढताना छातीत भरून येत असेल किंवा दम लागत असेल, तर ते आधी सांगा. भेटीत हे प्रश्न नक्की विचारा:

- रोज इतकं चालताना माझ्या मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन कमी करायचं का?
- उलट्या-जुलाब झाले तर कोणती औषधं थांबवायची? लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि मधुमेहाची काही औषधं अशा वेळी त्रास देऊ शकतात. उत्तर कागदावर लिहून घ्या.
- धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला हवं का?

चालण्याचा सराव करा. तीन किलोमीटरपासून सुरुवात करून चार-सहा आठवड्यांत दहा-बारा किलोमीटरपर्यंत या. शेवटच्या आठवड्यांत लागोपाठ दोन दिवस लांब चाला, कारण शरीराची परीक्षा दुसऱ्या दिवशी होते. वारीत जी चप्पल किंवा बूट घालणार, तेच सरावात वापरा. कोरी चप्पल घेऊन निघू नका.

दिंडीत नाव नोंदवा. एकटं जायचं म्हणजे सुटं चालायचं असं नाही. भिशी भरून दिंडीत गेलात तर जेवण, राहुटी आणि सामानाचा ट्रक यांची सोय होते. मुख्य म्हणजे संध्याकाळी तुम्ही मुक्कामी आला नाहीत, तर ते कुणाच्या तरी लक्षात येतं.

गळ्यातलं कार्ड आणि कमरेची पिशवी

पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा जाड कागद घ्या. त्यावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहा: नाव, गाव, वय, आजार, रोजची औषधं, कशाची ॲलर्जी आहे, घरच्या दोघांचे फोन नंबर, दिंडीचा क्रमांक आणि दिंडीप्रमुखांचा फोन. मधुमेह असेल तर एक ओळ वाढवा: 'मी गोंधळल्यासारखं बोलत असेन तर साखर खायला द्या. बेशुद्ध असेन तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.' कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून तुळशीच्या माळेसोबत गळ्यात ठेवा. मोबाइलची बॅटरी संपते, कार्डाची संपत नाही.

नवखे वारकरी हमखास एक चूक करतात. औषधं मोठ्या बॅगेत ठेवतात आणि बॅग ट्रकमध्ये जाते. ती थेट रात्री मुक्कामी मिळते. दोन दिवसांची औषधं, साखर किंवा ग्लुकोजची पुडी आणि ओआरएसची दोन पाकिटं कायम अंगावर असू द्या. इन्सुलिन ट्रकच्या तापलेल्या टपाखाली ठेवू नका. ओल्या कापडात गुंडाळलेल्या छोट्या मातीच्या भांड्यात किंवा थंड पिशवीत ठेवा, पण बर्फाला चिकटू देऊ नका.

चालताना: पाणी, मीठ आणि ऊन

तहान लागायची वाट पाहू नका. दर अर्ध्या तासाला थोडं थोडं पाणी प्या. लघवी गडद पिवळी होत असेल किंवा सहा-सात तास झालीच नसेल, तर पाणी कमी पडतंय. पण घामावाटे मीठही जातं, त्यामुळे दिवसभर नुसतं पाणी पिऊन भागत नाही. मीठ घातलेलं ताक, लिंबू सरबत किंवा ओआरएस मधूनमधून घ्या. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच कालवायचं, ग्लासभर पाण्यात नाही. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. हृदयाच्या किंवा किडनीच्या रुग्णांनी पाण्याचं आणि मिठाचं प्रमाण आधी डॉक्टरांना विचारावं.

डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे, चक्कर ही उन्हाच्या त्रासाची सुरुवात आहे. सावलीत बसा, कपडे सैल करा, ओआरएस घ्या. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही तर आरोग्य पथकाकडे जा. अंग चटका बसेल इतकं तापलंय आणि माणूस असंबद्ध बोलतोय किंवा कोसळलाय, तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घालत राहा. काखेत, मानेवर, जांघेत बर्फ किंवा थंड ओली फडकी ठेवा. इथे एकेक मिनिट मोलाचं असतं.

मधुमेह असणाऱ्यांसाठी

नाश्ता केल्याशिवाय गोळी घेऊन चालायला लागू नका. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन यांनी साखर खाली जाण्याचा धोका जास्त असतो. हात थरथरणं, घाम, धडधड, एकदम भूक किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली की तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून घ्या. पंधरा मिनिटं बसा. बरं वाटलं नाही तर पुन्हा घ्या, आणि मग काहीतरी खाऊनच उठा. मशीन असेल तर तपासा. साखर सत्तरच्या खाली म्हणजे कमी. मशीन नसेल तर साखर कमी झाली असंच धरून चाला. एकादशीचा उपवास करायचा असेल तर औषधांचं काय करायचं, हे निघण्याआधीच ठरवून घ्या.

मधुमेहींनी अनवाणी चालू नये. पायाची संवेदना कमी असेल तर काटा रुतलेला कळत नाही. रोज रात्री बॅटरीच्या उजेडात तळपाय आणि बोटांमधल्या फटी पाहा.

पाय, पोट आणि दुखण्याच्या गोळ्या

फोड फोडू नका. स्वच्छ करून पट्टी लावा. मोजे ओले झाले की बदला. पायावर जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून चालणं टाळा, कारण त्यातून लेप्टोस्पायरोसिससारखा संसर्ग होऊ शकतो. वारीहून आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना वारीचं आवर्जून सांगा.

पाय दुखतात म्हणून कुणीही दिलेली गोळी घेऊ नका. शरीरात पाणी कमी असताना, त्यातही बीपीची औषधं चालू असताना, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या किडनीला इजा करू शकतात. यकृताचा त्रास नसेल तर योग्य प्रमाणात पॅरासिटामॉल त्यापेक्षा सुरक्षित आहे.

गरम वाढलेलं जेवा. कापून ठेवलेली फळं आणि उघडं सरबत टाळा. जेवणाआधी साबणाने हात धुवा.

रात्री राहुटीत

राहुटीत जमिनीवर झोपावं लागतं. मण्यारासारख्या सापाचा दंश रात्री झोपेत होतो आणि कधी कधी जाणवतही नाही. अंथरुण झटकून घ्या, जमल्यास मच्छरदाणी लावून ती खाली नीट खोचा, बॅटरी उशाशी ठेवा, सकाळी चप्पल झटकून घाला. दंशाची शंका आली तर आवळपट्टी बांधू नका, चिरा देऊ नका. हालचाल कमीत कमी ठेवून थेट रुग्णालयात जा.

भोंग्याच्या अगदी समोर बसू नका. कीर्तनानंतर कानात शिट्टी वाजल्यासारखं होत असेल, तर दुसऱ्या दिवशी लांब बसा. आणि रात्र कीर्तनात कितीही रंगली, तरी किमान सहा तास पाठ टेका. अपुऱ्या झोपेने बीपी चढतं आणि दुसऱ्या दिवशी पाऊल चुकतं.

एकट्या महिलांनी लघवीला जावं लागेल म्हणून पाणी कमी पिऊ नये. त्यातूनच लघवीचा संसर्ग आणि उन्हाचा त्रास होतो. तात्पुरती शौचालयं कुठे आहेत हे मुक्कामी पोहोचताच पाहून ठेवा, रात्री सोबत घेऊनच जा. पाळी लांबवण्याच्या गोळ्या परस्पर घेऊ नका. काहींना त्यामुळे रक्ताच्या गुठळीचा धोका असतो.

या वेळी चालणं थांबवाच

- छातीत दाब; हात, जबडा किंवा पाठीकडे जाणारी कळ
- बसूनही न थांबणारा दम
- तोंड वाकडं होणं, बोबडं बोलणं, एक हात-पाय लुळा पडणं
- दिवसभर लघवी न होणं, सतत उलट्या-जुलाब
- ताप, किंवा पायाची जखम लाल होऊन सुजणं

पहिल्या तीनमध्ये वाट पाहू नका, लगेच १०८.

घरच्यांनी काय करावं?

दर तासाला फोन करू नका. गर्दीत नेटवर्क मिळत नाही, बॅटरी संपते आणि दोन्हीकडे घोर लागतो. रोजची एक वेळ ठरवा, शक्यतो मुक्कामी पोहोचल्यावरची. फोन आला नाही तर किती वेळ थांबायचं आणि मग कुणाला फोन करायचा, हेही ठरवा. दिंडीप्रमुखांशी निघण्याआधी एकदा बोला. फोनवर विचारायचे प्रश्न तीनच: जेवलात का, औषध घेतलं का, पाय पाहिले का?

मावशींचं काय झालं?

त्यांच्या गोळीचा डोस आम्ही ठरवून कमी केला. त्यांनी महिनाभर पहाटे चालण्याचा सराव केला. दिंडीत पहिल्याच संध्याकाळी त्यांनी राहुटीतल्या दोघींना कार्ड दाखवलं आणि पुडी कुठे आहे ते सांगितलं. त्यातली एक बीपीची रुग्ण निघाली, मग तिनेही आपलं कार्ड करून घेतलं.

सासवडच्या टप्प्यावर मावशींना चक्कर आली. त्या घाट न चढता गाडीने पुढे गेल्या आणि दुसऱ्या दिवशी विश्रांती घेऊन पुन्हा चालू लागल्या. परत आल्यावर म्हणाल्या, "डॉक्टर, गाडीत बसताना लई वाईट वाटलं. मालक कधी गाडीत बसले नव्हते."

मी त्यांना सांगितलं, त्या दिवशी गाडीत बसलात म्हणूनच पुढचे पंधरा दिवस चालू शकलात. या वर्षी त्यांनी आधीच नाव नोंदवलं आहे. तपासणीला मात्र मुलगा सोबत आला नव्हता, त्या एकट्याच आल्या होत्या.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधांमधला कोणताही बदल आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावा.)