रिपोर्टातलं ‘ब्लड पूल’ म्हणजे काय?

लिम्फोमाच्या उपचारात पेट स्कॅन झाला की रिपोर्टात एक ओळ येते: ‘मीडियास्टिनल ब्लड पूलपेक्षा कमी’, किंवा ‘जास्त’. घरात ज्याचं इंग्रजी चांगलं त्याच्या हातात कागद दिला जातो, आणि तोही नेमका इथेच अडतो.

स्कॅनआधी शिरेतून फ्लोरीन-१८ जोडलेली साखर देतात. तासभर स्वस्थ पडून राहायचं. ज्या पेशी साखर जास्त ओढतात, तिथे चित्र उजळतं. पण जास्त म्हणजे कोणापेक्षा? ती मोजपट्टी त्याच माणसाच्या शरीरातून घेतात: छातीतल्या महाधमनीतलं रक्त आणि यकृत.

त्यासाठी रक्त काढावं लागत नाही. चित्रातल्या महाधमनीच्या आत, भिंतीपासून जरा दूर, छोटं वर्तुळ आखतात आणि संगणक त्यातली सरासरी काढतो. महाधमनीच का? पेटचं चित्र तसं धूसर असतं. साधारण ५ मिलिमीटरपेक्षा लहान गोष्टी त्यात सुट्या दिसत नाहीत. मानेतली धमनी जेमतेम तेवढीच रुंद, म्हणून तिथे मोजलं तर आजूबाजूचं मिसळून आकडा चुकतो. छातीतली महाधमनी अडीच-तीन सेंटीमीटरची, मध्ये ऐसपैस जागा.

संशोधनात तर इंजेक्शनच्या क्षणापासून रक्तातली मात्रा कशी चढते-उतरते, तो सगळा आलेख हवा असतो. त्यासाठी मनगटाच्या धमनीत नळी घालून पुन्हापुन्हा रक्त घेतात, आणि ते दुखतं. हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या चित्रांवरून हाच आलेख काढता येतो. मात्र चित्राला रक्तपेशी आणि प्लाझ्मा वेगळे दिसत नाहीत, म्हणून काही वेळा एखाददुसरा नमुना घ्यावाच लागतो.

आता तुमच्या कागदाकडे वळू. २००९ साली फ्रान्समधल्या डोव्हिल इथे तज्ज्ञांनी ठरवलेली १ ते ५ अशी श्रेणी त्यात असते. १ म्हणजे काही उजळलंच नाही. २ म्हणजे रक्ताइतकं किंवा कमी. ३ म्हणजे रक्तापेक्षा जास्त, पण यकृताच्या आत. ४ आणि ५ यकृताच्या वर. उपचार संपल्यावर ३ पर्यंतचा आकडा बहुधा चांगला मानतात. ४ दिसला म्हणून लगेच धीर सोडू नका. जंतुसंसर्गानेही चित्र उजळतं. पुढचा निर्णय डॉक्टरांचा.

मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ पासून पेट आहे, त्यामुळे आई-बाबा तिकडचा जुना स्कॅन घेऊन क्रॉयडनला येतात, असंही होतं. दोन कागदांवरचे आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करू नका. इंजेक्शननंतर रक्तातली मात्रा तासागणिक उतरते. एकीकडे ६० मिनिटं थांबले आणि दुसरीकडे ९०, तर मोजपट्टीच बदलली. म्हणून नुसता छापील रिपोर्ट नको, चित्रांची सीडीही सामानात टाकायला सांगा.

आणि हो, स्कॅनआधीचा उपास म्हणजे एकादशी नव्हे. साबुदाण्याची खिचडी नाही, चहाही नाही, फक्त साधं पाणी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर सांगा.