नवे डोमेन, जुने दुवे

डोमेन बदलले की गूगलवरून येणारे वाचक गेलेच, या धास्तीने अनेक जण नको झालेले नाव वर्षानुवर्षे वापरत राहतात. 'द गार्डियन'ने २०१३मध्ये आपला डॉट सीओ डॉट यूके पत्ता सोडून डॉट कॉम घेतला. एवढ्या जुन्या, अवाढव्य संकेतस्थळाला जे जमले, ते छोट्यांनाही जमते. सुरुवातीचे काही आठवडे आकडे खालीवर होतात, तेवढे धरून चालावे.

जुन्या पत्त्यावर आलेल्याला कायमचे नव्या पत्त्यावर वळवणारे ३०१ रीडायरेक्ट लावले की गूगलच्या लेखी पानाचे वजन थोडे गळते, हा समज जुना आहे. तसे होत नाही, हे गूगलच्या लोकांनी २०१६मध्येच सांगितले. खरे नुकसान होते ते सगळी जुनी पाने नव्या मुखपृष्ठावर वळवल्याने. पुरणपोळीची कृती शोधत आलेल्याला मुखपृष्ठ दाखवले, तर तो परत जातो. गूगलही अशा वळणाला बहुधा 'पान सापडले नाही' असेच समजते. म्हणून प्रत्येक जुन्या पानाला त्याचेच नवे पान जोडायला हवे. काम कंटाळवाणे आहे, पण यावरच सगळे अवलंबून आहे.

मराठी संकेतस्थळांनी इथे विशेष जपावे. पत्त्यातले देवनागरी अक्षरचिन्ह संगणकासाठी नऊ चिन्हांचे होते आणि वर्डप्रेस लेखाच्या पत्त्याला दोनशेच चिन्हे देते. मात्रा-वेलांट्या धरून बाविसेक अक्षरचिन्हांवर पत्ता तुटतो. त्यामुळे शीर्षकांवरून जुने पत्ते तयार करू नका, चुकतील. यादी जुन्या साइटमॅपमधून किंवा सर्व्हरच्या नोंदींतून घ्या.

गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये पत्ताबदल कळवला की झाले, असेही मानतात. ती सोय स्वतः कुणालाच वळवत नाही. आधी रीडायरेक्ट हवेत, मग ती सूचना. जुने डोमेन शोधयंत्रांना अडवणाऱ्या रोबॉट्स फाइलने बंद करणे तर घातकच, कारण मग गूगलला वळण दिसतच नाही.

आणि रीडायरेक्ट महिन्या-दोन महिन्यांत काढायचे नसतात. गूगल किमान एक वर्ष म्हणते. मी म्हणेन, जमेल तितकी वर्षे ठेवा. जुन्या डोमेनचे नूतनीकरण चुकले, तर ते कुणीही विकत घेऊ शकतो आणि इतरांनी तुमच्या लेखांना दिलेले सगळे दुवे त्याच्या पानांवर उघडू लागतात.