कललापासून पसाखापर्यंत : इंदक सुत्त आणि गर्भाची वाढ

संयुत्त निकायाच्या यक्ख संयुत्तातील पहिले सुत्त अवघ्या काही ओळींचे आहे. राजगृहाजवळच्या इंदकूट पर्वतावर इंदक नावाचा यक्ष भगवंतांना विचारतो, की रूप म्हणजे जीव नव्हे असे बुद्ध सांगतात, तर मग प्राण्याला हा देह कसा मिळतो? ही हाडे, हे यकृत येते कोठून? प्रश्नात आत्मा दडलेला आहे; उत्तरात त्याचा उल्लेखही नाही. प्रथम कलल, कललापासून अब्बुद, अब्बुदापासून पेसी, पेसीपासून घन, घनापासून पसाखा म्हणजे फांद्या, आणि मग केस व नखे, एवढा क्रम तथागत सांगतात.

पुढे अट्ठकथेने प्रत्येक अवस्थेला एकेक आठवडा दिला. कलल म्हणजे लोकरीच्या तंतूच्या टोकावरील तिळाच्या तेलाचा थेंब, पेसी वितळलेल्या कथलासारखी, घन कोंबडीच्या अंड्यासारखा. पाचव्या आठवड्यात हात, पाय व मस्तक यांचे पाच उंचवटे.

आजचे शास्त्र काय सांगते? फलित झालेली एक पेशी विभागत विभागत पहिल्या आठवड्याच्या अखेरीस गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागते. तिसऱ्या आठवड्यात तिचे तीन थर होतात. चौथ्यात हृदयाचे स्पंदन सुरू झालेले असते, आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यांत हातापायांचे अंकुर फुटतात. आठव्या आठवड्याअखेर सर्व प्रमुख अवयवांची आखणी पूर्ण होते. नखे व केस त्यानंतरचे. (डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणून त्यांचा आकडा दोन आठवड्यांनी अधिक असतो.)

हे साम्य पाहून आधुनिक गर्भविज्ञान त्रिपिटकात आधीच होते, अशी घोषणा करण्याचा मोह आवरावा. तसले दावे इतरांनी पुष्कळ केले आहेत. चौथ्या आठवड्यातील भ्रूण अंड्याएवढा नसतो. तो तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतो. सुत्ताचे मोल मापात नाही, क्रमात आहे. प्रत्येक अवस्था आधीच्या अवस्थेच्या आश्रयाने उत्पन्न होते; हा प्रतीत्यसमुत्पादच होय. गर्भाच्या व्यंगाला पूर्वजन्मीचे कर्म कारण मानणाऱ्यांना बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात आनुवंशिकतेच्या आधारे उत्तर दिले, तेही याच वाटेने.

रत्नागिरीच्या खेड्यापाड्यांत आजही ग्रहणात गरोदर बाईला विळीला हात लावू देत नाहीत. लावला तर मुलाचा ओठ चिरतो म्हणे. वरच्या ओठाचे भाग सहाव्या-सातव्या आठवड्यांत एकमेकांना जुळतात. ते न जुळण्यामागे आनुवंशिकता, तंबाखू, काही औषधे अशी कारणे असू शकतात. चंद्रसूर्यांचा त्यात हात नाही. तसेच मुलगा की मुलगी हे पित्याच्या शुक्रजंतूवर ठरते. मुलीच होतात म्हणून सुनेला बोल लावणे हे अज्ञानही आहे आणि अन्यायही.

सुत्ताची अखेरची गाथा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. माता जे अन्नपान घेते, त्यावरच कुशीतील जीव जगतो, असा तिचा आशय. पुढे मेंदू व मज्जारज्जू ज्यातून घडतात ती नलिका अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. पुष्कळ जणींना दिवस गेल्याची कल्पनाही नसते. फॉलिक ॲसिड त्याआधीच पोटात जाणे आवश्यक असते. म्हणजे सातव्या महिन्यातील डोहाळजेवणाच्या ताटाहून लग्नानंतरचे रोजचे ताट अधिक मोलाचे. आणि आपल्या घरांत ते ताट बहुधा सर्वांच्या मागून वाढले जाते.

दापोलीजवळच्या वणंद गावच्या माता रमाईंच्या पाच अपत्यांपैकी एकटे यशवंतराव जगले. हे दुःख बाबासाहेबांनी घरातच पाहिले होते. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना, प्रसूतीच्या आधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांनी मांडले. १९२९ मध्ये तो कायदा झाला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली. परंतु आषाढात लावणीच्या चिखलात दिवसभर वाकलेली गरोदर शेतमजूर स्त्री त्या रजेच्या कक्षेत येत नाही. तिच्यासाठी उपकेंद्रातील मोफत तपासणी आणि लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आहेत. पहिल्या बारा आठवड्यांच्या आत तेथे तिची नोंद होते की नाही, हे विहारातील महिला मंडळांनी आपापल्या वाडीत विचारावे.