परिघीय शिरा-कॅन्युला परिचर्या प्रशिक्षण

परिघीय शिरा-कॅन्युला परिचर्या प्रशिक्षण म्हणजे हाताच्या शिरेत बसवलेली कॅन्युला सुरक्षितपणे बसवणे, तिची निगा राखणे आणि ती योग्य वेळी काढणे यांविषयी रुग्णालयातील परिचारिकांना दिले जाणारे शिक्षण होय. कॅन्युला ही आखूड, लवचिक प्लॅस्टिकची नळी असून तिच्यातून द्रव, औषधे व रक्त दिले जाते. बोलीभाषेत तिला 'सलाईनची सुई' म्हणतात. प्रत्यक्षात नळी शिरेत सरकवल्यावर सुई काढून घेतली जाते.

पार्श्वभूमी

१९५० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डेव्हिड मासा यांनी अशी प्लॅस्टिकची नळी विकसित केली. आज हे साधन सर्वत्र वापरले जाते. मात्र त्याच्या निगेत मोठी उणीव दिसते. ५१ देशांतील ४०,६२० कॅन्युलांची पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत सुमारे १० टक्के ठिकाणी वेदना किंवा शिरादाहाची (फ्लेबायटिस) अन्य लक्षणे आढळली. १४ टक्क्यांहून अधिक कॅन्युला शिरेतून द्रव वा औषध देण्याची नोंद नसतानाही तशाच ठेवलेल्या होत्या.

शिरादाहाखेरीज द्रव आसपासच्या ऊतींत झिरपणे आणि नळी तुंबणे या गुंतागुंती संभवतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियससारखे जीवाणू नळीवाटे रक्तात शिरल्यास रुग्णाच्या जिवाला धोका निर्माण होतो.

वेळापत्रकाऐवजी निरीक्षण

प्रौढ रुग्णांची कॅन्युला दर ७२ ते ९६ तासांनी बदलण्याचा प्रघात दीर्घकाळ होता. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमधील ३ रुग्णालयांत ३,२८३ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. ठरावीक काळाने कॅन्युला बदललेल्या आणि केवळ गरजेनुसार बदललेल्या अशा दोन्ही गटांत शिरादाहाचे प्रमाण ७ टक्केच होते. गरजेनुसार बदलण्याच्या पद्धतीमुळे रुग्णाला वारंवार टोचणे टळते. परंतु तिची सुरक्षितता परिचारिकेच्या नियमित निरीक्षणावर अवलंबून असते. त्यामुळे केवळ सुई टोचण्याचे कौशल्य शिकवणे अपुरे ठरते.

प्रशिक्षणातील घटक

* जागा व आकार: शक्यतो कोपर व मनगटाचे सांधे टाळून अग्रबाहूची शिरा निवडणे, डायलिसिससाठी फिस्टुला केलेला हात न वापरणे, उपचारास पुरेशी पडेल अशी लहानात लहान कॅन्युला घेणे. रंगावरून आकार ओळखतात : हिरवी १८, गुलाबी २०, निळी २२ व पिवळी २४ गेज. गेजचा अंक वाढतो तशी नळी बारीक होते.
* निर्जंतुकता: हात स्वच्छ करणे, अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्सिडिनने त्वचा पुसून पूर्ण वाळू देणे, नंतर त्या जागी पुन्हा स्पर्श न करणे.
* निगा: टोचलेली जागा दिसेल असे पारदर्शक ड्रेसिंग लावणे, ते ओले झाल्यास वा सुटल्यास बदलणे, प्रत्येक वापरापूर्वी नळीचे तोंड जंतुनाशकाने घासणे.
* मूल्यमापन: प्रत्येक पाळीत वेदना, लाली, सूज व शिरेचा कडकपणा तपासून नोंदवणे. यासाठी ० ते ५ गुणांची 'व्हीआयपी' श्रेणी वापरतात. २ किंवा अधिक गुण असल्यास कॅन्युला काढली जाते.
* काढण्याचा निर्णय: कॅन्युलाची गरज उरली आहे का, हे रोज विचारणे.

पद्धती व मर्यादा

कृत्रिम हातावर सराव, अनुभवी परिचारिकेच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम आणि तपासणी-सूचीनुसार मूल्यमापन असा क्रम सामान्यतः अवलंबला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये परिघीय कॅन्युलांशी संबंधित संसर्ग रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत आरोग्य कर्मचाऱ्यांच्या शिक्षणाचाही समावेश आहे.

एकदाच दिलेले व्याख्यान सवयी बदलण्यास क्वचितच पुरते. वॉर्डात नियमित पाहणी करून तिचे निष्कर्ष परिचारिकांना कळवणे, पुरेसे मनुष्यबळ आणि अनावश्यक कॅन्युला काढण्याची मुभा नसल्यास शिकलेली कृती टिकत नाही.