चित्र चांगलं यायलाच हवं, असं नाही

‘मला चित्रकला येत नाही.’ आर्ट थेरपीचं नाव काढलं की आपल्याकडे बहुतेकांचं पहिलं वाक्य हेच असतं. शाळेतले चित्रकलेचे गुण आणि एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षा मनात घर करून बसलेल्या असतात. या उपचाराच्या ऐंशीहून अधिक वर्षांच्या वाटचालीत मात्र गुण देणाऱ्याला कधीच जागा नव्हती.

१९३८ साली इंग्रज चित्रकार एड्रियन हिल क्षयरोगामुळे मिडहर्स्टच्या सॅनेटोरियममध्ये होते. क्षयावर तेव्हा गुणकारी औषध नव्हतं, विश्रांती हाच मुख्य उपचार. पडल्या पडल्या ते खाटेजवळच्या वस्तू रेखाटू लागले आणि त्यातून त्यांना उभारी आली. मग त्यांनी इतर रुग्णांच्या, पुढे जखमी सैनिकांच्याही हाती पेन्सिल दिली. १९४२मध्ये या कामाला ‘आर्ट थेरपी’ हे नाव त्यांनीच दिलं.

मला मात्र अधिक जवळचे वाटतात ते एडवर्ड अ‍ॅडमसन. १९४६पासून १९८१पर्यंत त्यांनी लंडनच्या दक्षिणेला असलेल्या नेदर्न मनोरुग्णालयात काम केलं. सुरुवातीचा काळ विजेच्या झटक्यांचा आणि मेंदूवरच्या शस्त्रक्रियांचा. रुग्णाला स्वतःचं असं फारसं काही उरत नसे. तिथल्याच एका रुग्णाने जळक्या काडीच्या कोळशाने शौचालयाच्या कागदावर चित्रं काढली होती. ती आजही जपलेली आहेत. अ‍ॅडमसन यांनी अशा माणसांना रंग दिले, बसायला जागा दिली आणि चित्राचा अर्थ सांगत बसण्याचा मोह टाळला. कुणीतरी शेजारी आहे, पण तपासत नाही, एवढा आधार त्यांनी दिला. माझ्या मते या शास्त्राचा कणा तोच.

त्याच्याही आधी नाझींच्या टेरेझिन छावणीत चित्रकार फ्रिडल डिकर-ब्रँडाइस यांनी कैदेतल्या मुलांना चित्रं काढायला शिकवलं. १९४४मध्ये ऑशविट्झला फ्रिडल यांची हत्या झाली; मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रं मागे राहिली. त्यांच्याच विद्यार्थिनी ईडिथ क्रेमर यांनी पुढे अमेरिकेत मुलांसाठीच्या आर्ट थेरपीचा पाया घातला.

लाभाचं मोजमाप त्या मानाने अलीकडचं. २०१६मध्ये संशोधक गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत ३९ निरोगी प्रौढांना ४५ मिनिटं रंग, माती, कोलाज यांत रमू दिलं. सुमारे तीन-चतुर्थांश जणांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, कमी झालं. आधी चित्रकला येत होती की नाही, याने फारसा फरक पडला नाही. अभ्यास लहान होता, त्यावरून आजार बरा होतो असं म्हणता येणार नाही. चालू औषधं तर मनाने मुळीच बंद करू नयेत.

चित्र चांगलं येण्याची अट नाही, म्हणून पहिल्या सत्राची तयारी वेगळीच. रंग लागला तरी चालेल असे कपडे घाला. सत्रानंतर तासभर मोकळा ठेवा, कारण कधी कधी रडू येतं, थकवाही येतो. थेरपिस्टला मोकळेपणाने विचारा: तुमचं प्रशिक्षण कुठलं, माझी चित्रं कुठे राहतील, कोण पाहील, फोटो काढणार का? झोप, औषधं, कशाची भीती वाटते, हे आधीच सांगा. काय काढायचं हे ठरवून जाण्याची गरज नाही. नुसते फराटे मारलेत तरी ते सत्रच.

प्रत्येक कागदामागे तारीख घालायला विसरू नका. काही महिन्यांनी सगळी चित्रं थेरपिस्टसोबत ओळीने मांडून पाहिली की कधी एकच आकार पुन्हा पुन्हा आलेला दिसतो, कधी एखादा रंग नाहीसा झालेला असतो. त्या त्या दिवशी न जाणवलेल्या बदलाबद्दल तेव्हा बोलता येतं. खरा लाभ बहुधा इथेच हाती लागतो, आणि त्यासाठी धीर लागतो.

शेवटचं घरच्यांसाठी. काळा रंग दिसला म्हणून निराशेचं निदान करू नका, ‘बघू, काय काढलंस?’ म्हणून मागे लागू नका. चित्र काढणाऱ्यांनी आपणहून दाखवलं, तर शेजारी बसा आणि ते सांगतील तेवढं ऐका.